कोनापरस चांगला? तुलनेच्या तीन पायऱ्या आणि वऱ्हाडी बोली

गेली चार वर्षे मी सहा इंग्रजी शब्द खिशात घेऊन अकोला जिल्ह्यात हिंडतो आहे. गुड, बेटर, बेस्ट. हाय, हायर, हायेस्ट. बार्शीटाकळी, पातूर, बाळापूर, तेल्हारा, अकोट, मूर्तिजापूर या तालुक्यांतल्या खेड्यांत जायचे, पारावर नाहीतर एस.टी.च्या थांब्यावर बसायचे आणि वयस्कर माणसांना विचारायचे की याला तुमच्या बोलीत काय म्हणता. इंग्रजी शब्द अर्थातच मी उच्चारत नाही. पुस्तकी मराठीत विचारतो. 'चांगला' याला काय म्हणता? 'चांगला.' आणि 'अधिक चांगला' याला? इथे थोडी शांतता पसरते. मग बहुतेक ठिकाणी मला उलटा प्रश्न आला, 'कोनापरस?'

कोनापरस म्हणजे कोणापेक्षा. सुरुवातीला मी याचा अर्थ 'उत्तर मिळाले नाही' असा घेतला आणि वहीत त्या रकान्यात फुली मारत गेलो. अशा बऱ्याच फुल्या जमल्यावर एका रात्री वही चाळताना माझ्या लक्षात आले की फुली मारलेली जागा हेच उत्तर होते. प्रश्न चुकीचा होता. तो कुणी तयार केला, तो वऱ्हाडात कसा आला आणि त्याने आमच्या मुलांचे काय केले, याचा शोध म्हणजे हा लेख. मी भाषाशास्त्राचा पदवीधर नाही. बी.ए. दुसऱ्या वर्षाला सुटले आणि पुढचे आयुष्य आडत दुकानात हिशेब लिहिण्यात गेले. त्यामुळे वाचकांनी हा लेख हिशेबनीसाने लिहिला आहे असे समजून वाचावा.

ते सहा शब्द माझे नाहीत. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी १८९४ साली भारतीय भाषांच्या पाहणीचे काम हाती घेतले आणि १९२८पर्यंत ते चालले. या पाहणीचा सातवा खंड मराठीचा. तो स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने सिद्ध केला आणि १९०५ साली तो प्रसिद्ध झाला. वऱ्हाडी बोलीचे छापील, पद्धतशीर नमुने त्या खंडात पाहायला मिळतात. पाहणीची पद्धत सोपी होती. जिल्ह्याजिल्ह्यांत दोन गोष्टी पाठवल्या गेल्या. एक, बायबलमधील उधळ्या मुलाची गोष्ट, ती स्थानिक बोलीत उतरवून द्यायची. दुसरी, २४१ शब्दांची आणि वाक्यांची ठरावीक यादी. एक, दोन, तीन, मी, माझा, हात, पाय, नाक, बाप, माय. याच यादीच्या मध्यावर 'गुड, बेटर, बेस्ट, हाय, हायर, हायेस्ट' हे सहा शब्द ओळीने येतात आणि त्यांच्या लगेच पुढे घोडा नि घोडी. यादीच्या शेवटाकडे एक वाक्य आहे, त्याचा भाऊ त्याच्या बहिणीपेक्षा उंच आहे, अशा अर्थाचे.

ही यादी ग्रिअर्सन यांनीही नव्याने बनवली नव्हती. तिचे मूळ सर जॉर्ज कॅम्पबेल यांनी १८६६ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीसाठी केलेल्या यादीत आहे. हेच कॅम्पबेल पुढे लगेच, १८६७-६८ मध्ये, नागपूरला मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त होते. म्हणजे ज्याने हा प्रश्न तयार केला तो माणूस आमच्या शेजारी येऊन राहून गेला. शेजारच्या मुलखात राहून त्याने कुणाला 'अधिक चांगला याला काय म्हणता' असे विचारले असते, तर त्यालाही बहुधा हाच उलटा प्रश्न ऐकावा लागला असता. पण हा माझा तर्क.

यादीतले ते वाक्य विचारले की खेड्यात कुणीही अडखळत नाही. 'त्याचा भाऊ त्याच्या बहिनीपरस उच्चा हाय.' उत्तर तयार. अडचण वाक्याची नाही, सुट्या शब्दाची आहे. इंग्रजीत 'टॉल' हा शब्द एकटा उभा राहतो आणि 'टॉलर'ही एकटा उभा राहतो. कुणापेक्षा ते सांगितले नाही तरी चालते, शब्दाच्या शेपटालाच तुलना चिकटलेली असते. मराठीत 'उच्चा' हा शब्द जागचा हलत नाही. एकटा असताना उच्चा, बहिणीशेजारी उभा केला तरी उच्चा, गावात सगळ्यांत उंच ठरला तरी उच्चाच. तुलनेचा सगळा भार बहिणीच्या नावाला लावलेल्या 'परस'वर असतो. बहीणच काढून घेतली तर भार ठेवायचा कशावर? म्हणून 'कोनापरस?'

या 'परस'बद्दल थोडे सांगायला हवे, कारण शहरात तो गावंढळ समजला जातो. तो जुन्या मराठीतला 'परीस' आहे. बखरींच्या आणि पेशवेकालीन पत्रांच्या भाषेत 'त्यापरीस' राजरोस येतो. मोल्सवर्थच्या कोशानेही त्याची नोंद घेतली आहे. (लोखंडाचे सोने करणारा परीस वेगळा, तो 'स्पर्श'वरून आला.) आज प्रतिष्ठित असलेला 'पेक्षा' हा संस्कृत 'अपेक्षा'चा, म्हणजे 'च्या अपेक्षेने'चा झिजलेला अवतार. 'हून' हा पंचमीचा प्रत्यय. तिन्हींचे काम एकच, तुलनेची वस्तू दाखवणे. हिंदीत तेच काम 'से' करतो. संस्कृतातही पंचमी वापरतात, लॅटिनमध्येही त्याच कामाला तशीच एक विभक्ती आहे. माझ्या फिरण्यात सत्तरीपुढच्या माणसांच्या तोंडी 'परस' सर्रास भेटला. त्यांची नातवंडे 'पेक्षा' म्हणतात, काही 'पक्षा'. शाळेच्या वहीत 'परस' लिहिला तर त्याखाली लाल रेघ येते. एका पेशवाई शब्दाला आपण अशुद्ध ठरवतो हे कुणाच्या गावीही नसते.

आता कुणी म्हणेल की मराठीतही शब्दाला शेपूट लागते. लघुतर, लघुतम, उच्चतर, उच्चतम. खरे आहे, पण हे धन संस्कृतचे. पाणिनीने 'अष्टाध्यायी'च्या पाचव्या अध्यायात याची चोख व्यवस्था लावली आहे. दोघांतला एक निवडायचा तर 'तर' किंवा 'ईयस्', अनेकांतला एक निवडायचा तर 'तम' किंवा 'इष्ठ'. दोघांत दुसरी पायरी, अनेकांत तिसरी, हा जो नियम आमच्या इंग्रजीच्या सरांनी छडीच्या धाकात पाठ करून घेतला, तो पाणिनीने किमान दोन हजार वर्षे आधी सांगून ठेवला होता. 'तारतम्य' हा शब्द याच 'तर' आणि 'तम' यांच्या जोडीतून आला. तारतम्य असणे म्हणजे कोण कुणाहून किती, हे कळणे.

मराठीने मात्र हे शब्द घेताना त्यांची शेपटे निकामी केली. 'उत्तम' म्हणजे मुळात सर्वांत वरचा. आपण त्याचा 'छान' केला आणि मग कमी पडले म्हणून 'सर्वोत्तम', 'अतिउत्तम' बनवले. 'श्रेष्ठ' म्हणजेच सर्वांहून चांगला. तरी आपण 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो. 'श्रेष्ठतम' तर यजुर्वेदातच आहे, तेव्हा हा दोष आजचा म्हणता येत नाही. 'कनिष्ठ' म्हणजे सर्वांत लहान. सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक असतो आणि त्याच्याही खाली शिपाई असतोच.

फारसीचेही तेच झाले. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले, त्याआधी इथल्या दफ्तरांत फारसी वळणाची भाषा मुरलेली होती. फारसीतही 'तर' आहे आणि तो संस्कृत 'तर'चा सख्खा भाऊ. 'बेह' म्हणजे चांगला, 'बेहतर' म्हणजे अधिक चांगला. इंग्रजी 'बेटर'शी त्याचा आवाज जुळतो म्हणून दोन्ही एकच असे पुष्कळ जण सांगतात. ते खरे नाही. ती निव्वळ योगायोगाची जोडी आहे. हा 'बेहतर' मराठीत आला तो 'मेलो तरी बेहत्तर' असा. तुलना गेली, हट्ट राहिला. 'बदतर'चा 'बत्तर' झाला आणि त्यालाही आपण 'त्याहून बत्तर' असा मराठी टेकू दिलाच. परका शब्द तुलनेचे शेपूट घेऊन येतो आणि मराठी त्याच्यापुढे पुन्हा आपला 'हून' ठेवते. हे इतक्यांदा घडले आहे की त्याला चूक म्हणवत नाही. तो भाषेचा स्वभाव आहे.

याचा अर्थ मराठी माणसाला कमी-जास्त सांगता येत नाही असे नव्हे. आमच्याकडे 'लय' आहे, 'गंज' आहे, 'चांगल्यातला चांगला' आणि 'लहानात लहान' आहे. काळाकुट्ट, पांढराफटक, लालभडक, हिरवागार, गोडमिट्ट असे प्रत्येक गुणाला त्याचे स्वतःचे शेवटचे टोक आहे आणि एकाचे टोक दुसऱ्याला लावता येत नाही. हिरवाकुट्ट कुणी म्हणणार नाही. इंग्रजीतली एकच शेपटी सगळ्यांना लावण्याची सोय इथे नाही. इथे नुसते बोलणेही मोजमाप करते. 'लांऽऽब' म्हणताना स्वर जेवढा ताणला तेवढे गाव दूर.

मग या तीन पायऱ्या आल्या कुठून? चौथ्या शतकात रोममध्ये डोनाटस नावाचा शिक्षक होऊन गेला. त्याच्या लॅटिन व्याकरणात विशेषणाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत आणि ते व्याकरण युरोपातल्या शाळांत हजार वर्षे घोकले गेले. इंग्रजीचे व्याकरण लिहायची वेळ आली तेव्हा तोच साचा पुढे आला. इंग्रजीला तो बराचसा बसला, कारण तिच्याकडे जर्मानिक कुळातून आलेली 'अर' आणि 'एस्ट' ही शेपटे होतीच. त्यात 'मोअर' आणि 'मोस्ट' यांची भर पडली आणि दोन पद्धती शेजारी शेजारी नांदू लागल्या. दोन्ही एकदम वापरायलाही जुन्या इंग्रजांना संकोच नव्हता. शेक्सपिअरच्या 'ज्युलिअस सीझर'मध्ये अँटनी सीझरच्या सर्वांत क्रूर जखमेबद्दल बोलताना 'मोस्ट'ही लावतो आणि 'एस्ट'ही. १७६२ साली बिशप रॉबर्ट लाउथ यांनी आपल्या व्याकरणात अशा दुहेरी रूपांना दोष ठरवले. गंमत अशी की स्तोत्रांच्या जुन्या भाषांतरात देवासाठी आलेले दुहेरी रूप मात्र त्यांनी शोभून दिसते म्हणून सोडून दिले. देवाला सूट आणि शाळकरी मुलाला लाल रेघ.

लाउथ यांच्यानंतर लिंडले मरे. जन्माने अमेरिकन, पंथाने क्वेकर, इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक. तिथल्या एका मुलींच्या शाळेसाठी त्यांनी १७९५ साली इंग्रजी व्याकरण लिहिले आणि ते इंग्रजी राज्याबरोबर जगभर गेले. मुंबईत शिकलेल्या आमच्या पहिल्या पिढीचा व्याकरणाशी परिचय झाला तो मरे यांच्या पुस्तकाच्या वळणाने. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली निघाले, तेव्हा दादोबांचे वय बावीस. त्यांच्या मांडणीवर मरे यांची छाप आहे असे अभ्यासक सांगत आले आहेत. मला यात दादोबांचा दोष दिसत नाही. बावीस वर्षांच्या मुलाने एका जिवंत भाषेचे व्याकरण बांधायला घेतले, तर हाताशी असलेला साचा तो वापरणारच. साचा आणि भाषा यांच्यातली ओढाताण पुढच्यांना दिसू लागली आणि १९११ साली मोरो केशव दामले यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिताना आधीच्या सगळ्यांची झाडाझडती घेतली. पण इंग्रजीच्या तासाला दामले पोचले नाहीत. तिथे फळ्यावर तीन खाने आखले जातच राहिले.

वऱ्हाडाने 'गुड' हा शब्द केवळ शाळेतच ऐकला असेही नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने, १८६१ ते १८६५, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात या कापसाचे नाव 'ऊमरा', उमरावतीवरून, म्हणजे आपल्या अमरावतीवरून. त्या बाजाराची प्रतवारी अशी: फेअर, गुड फेअर, फुली गुड फेअर, गुड, फुली गुड, फाइन, सुपरफाइन. माझ्या आडतीच्या दिवसांत जुन्या मुनिमांच्या तोंडी 'फुलीगुड' हा जोडशब्द ऐकलेला आहे. हिशेबनीस म्हणून मला या यादीचे नेहमी नवल वाटत आले. शाळेतल्या तीन पायऱ्यांच्या या मायदेशी इंग्रज व्यापाऱ्याला जेव्हा पैसे मोजायचे होते, तेव्हा त्याने 'बेटर' आणि 'बेस्ट' वापरले नाहीत. 'गुड' अधेमधे कुठेतरी ठेवला आणि वरखाली नवी नावे बसवली. कारण उघड आहे. 'बेटर' म्हटले की भांडण, कशापेक्षा बेटर? म्हणून प्रत्येक प्रतीचा प्रमाण नमुना ठेवायचा, आलेला कापूस त्या नमुन्याशेजारी ठेवून बघायचा आणि मग प्रत ठरवायची. पुढे १९२१ साली मुंबईत ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन उभी राहिली, तेव्हा अशा प्रमाण नमुन्यांच्या आधारे तंटे सोडवणे हे तिच्या मुख्य कामांपैकी एक होते. नमुन्याची पेटी म्हणजे 'परस'चे लाकडी रूपच.

या पेटीची आठवण होण्याचे कारण घरचे आहे. एकाधिकार खरेदीच्या काळात बाबांबरोबर कापसाची गाडी घेऊन मी एका खरेदी केंद्रावर गेलो होतो. रात्र रांगेत काढली. सकाळी ग्रेडरने मूठभर कापूस उपसला, बोटांनी धागा ओढला आणि 'हलका आहे' म्हणून खालची प्रत लिहिली. बाबा शांत माणूस. त्यांनी टोपी सारखी केली आणि विचारले, 'कोनापरस हलका, साहेब?' ग्रेडरला वाटले म्हातारा हुज्जत घालतो. तो पुढच्या गाडीकडे गेला. शेजारी ठेवायला नमुना तिथे नव्हता, निदान आम्हाला दाखवला नाही. त्या एका शब्दाने आमचे त्या वर्षीचे किती गेले ते मी नंतर हिशेब करून पाहिले होते. तो आकडा इथे देत नाही. बाबांचा प्रश्न मात्र मला तेव्हा भाबडा वाटला होता. या यादीच्या नादी लागलो तेव्हा कळले की त्यांनी अगदी बरोबर जागी बोट ठेवले होते.

आता शाळेकडे येतो, कारण शेवटी नुकसान तिथे होते. माझ्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून, २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून. माझी पुतणी यंदा नववीत आहे. तिच्या वहीत तीच दोन वाक्ये चुकलेली सापडली, जी माझ्या वहीत चाळीस वर्षांपूर्वी चुकली होती. एक, 'ही इज टॉल दॅन मी.' दोन, 'धिस इज मोअर बेटर.' दोन्हींवर शेरा एकच, निष्काळजीपणा. मला हा शेरा मान्य नाही. पहिल्या वाक्यात मुलीने मराठीशी प्रामाणिक राहून लिहिले आहे. तिच्या भाषेत 'उंच' बदलत नाही, तुलना 'पेक्षा'त असते. तो 'पेक्षा' तिने 'दॅन' म्हणून बरोबर जागी ठेवला, मग 'टॉल'ला हात लावायचे कारण काय? इंग्रजी एकाच तुलनेची खूण दोनदा करते, एकदा विशेषणावर आणि एकदा 'दॅन'मध्ये, ही गोष्ट तिला कुणी सांगितलीच नव्हती. दुसरी चूक पहिलीच्या उलट. फळ्यावरच्या मधल्या खान्यात 'बेटर'खाली 'अधिक चांगला' लिहिलेले असते. मूल 'अधिक'चे 'मोअर' करते आणि 'चांगला' म्हणून 'बेटर' घेते. साचा गुरुजींनी दिला, मुलाने तो भरला.

द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतर पाठमालेवर आमच्याकडच्या कित्येक घरांनी इंग्रजी शिकले, माझ्या थोरल्या काकांनीही. त्या पुस्तकांची पद्धत सुट्या शब्दाऐवजी वाक्यावर भर देणारी. म्हणून ती माणसे 'मोअर बेटर' क्वचितच लिहीत, असा माझा अनुभव आहे. रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकाने पायऱ्या बदलण्याचे स्वाध्याय घरोघर नेले आणि दहावीच्या पेपरात 'डिग्री बदला' हा हमखास प्रश्न झाला. तिसऱ्या पायरीचे वाक्य द्यायचे, ते 'नो अदर' वापरून पहिल्या पायरीत आणायचे. मुलांना हा प्रकार सर्वांत अवघड म्हणून शेवटी शिकवतात. मी पुतणीला उलट्या टोकाने शिकवले. 'आपल्या वर्गात हिच्याएवढी उंच दुसरी कोणी नाही,' हे वाक्य मराठीत ती सहज बोलते. खेड्यात तर याच घाटाने मोठेपणा सांगतात, 'त्याच्यासारखा कोनी नाही.' हे 'नो अदर'चेच वाक्य आहे, फक्त शब्दांचा क्रम उलटा. तिथून 'दॅन'वर यायचे आणि 'दॅन' आला की आधीच्या शब्दाला शेपूट लावायचे. सुटा 'बेटर' सर्वांत शेवटी. एका पुतणीवरून नियम करता येत नाही हे मला कळते. शिकवणाऱ्या वाचकांनी करून पाहावे, एवढेच सांगतो.

माझी वही अजून भरते आहे. 'हायेस्ट'चा रकाना बराच काळ रिकामा होता. 'सर्वांत उंच' असे विचारले की लोक 'कायच्यात?' म्हणत, म्हणजे कशांमध्ये. मागच्या हिवाळ्यात अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात, शेंगा फोडत बसलेल्या आजींना मी विचारले, 'आजी, उच्चा म्हणजे उच्चा. आन् सगळ्यात उच्चा?' त्यांनी मान वर न करता उत्तरेकडे हात केला आणि म्हणाल्या, 'नर्नाळा.' किल्ला तिथून धुक्यात अर्धा दिसत होता. मी रकान्यात तेच लिहिले.